सिल्वी पेल्टोला यांची भूमिका

१७ सप्टेंबर, रविवार

मी यापूर्वी कधी दैनंदिनी लिहिलेली नाही. ज्याला घरात बोलायला माणूस नसते त्याने दैनंदिनी लिहावी, असे माझी बायको सिल्वी म्हणत असे. ती अट आता पूर्ण झाली आहे.

या महिन्याच्या आरंभी चर्चमधल्या सहभोजनानंतर रिकामे भांडे गाडीत ठेवता ठेवता ती कोसळली. डॉक्टरांनी कारण समजावून सांगितले. माझे सारे आयुष्य औषधांच्या दुकानात गेले असल्यामुळे मला ते समजलेही. त्याचा उपयोग काही झाला नाही.

काल डेनिस ट्रेवॅरो आला होता. तो पक्षाचा आमच्या भागातला अध्यक्ष. टोपी हातात घेऊन तो बराच वेळ दारातच उभा राहिला.

"मतपत्रिका छापून झाल्यात, आर्वो. परदेशातल्या सैनिकांना पाठवूनसुद्धा झाल्यात. आता नाव काढता येत नाही. कायद्याच्या दृष्टीने सिल्वी निवडणुकीला उभी आहे."

"सिल्वी पुरलेली आहे," मी म्हणालो.

"तेही खरंच आहे," तो म्हणाला आणि खुर्चीत बसला.

त्याचे म्हणणे असे: लोकांनी तिला मते दिली आणि ती जिंकली, तर वॉशिंग्टनमधली ती जागा रिकामी राहील आणि वसंतात पुन्हा निवडणूक होईल. निदान सध्याचे खासदार ब्रॅशर घरी बसतील. तोवर तिच्या वतीने कोणीतरी बोलायला हवे. आमच्याकडे महिला नागरिक मंडळ गावोगावी सभा घेते. उमेदवार एका ओळीत बसतात आणि देशापुढच्या प्रश्नांवर आपापली भूमिका सांगतात. मंडळाचा नियम असा की, उमेदवाराच्या जागी बसणाऱ्याने उमेदवाराने स्वतः मांडलेलीच मते सांगावीत, पदरची नव्हेत.

तो नियम होता म्हणूनच मी होकार दिला. बाटलीवर जे लिहिलेले असते तेच बाटलीत असले पाहिजे. त्या तत्त्वावर मी आयुष्यभर दुकान चालवले.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

तिची मते मी व्यवस्थित मांडून ठेवली आहेत. औषधांच्या किमती सरकारने कंपन्यांशी स्वतः घासाघीस करून ठरवाव्यात. म्हातारपणाच्या निवृत्तिनिधीत श्रीमंतांनी आपल्या पूर्ण उत्पन्नावर भरणा करावा. सीमा ओलांडून येऊन वर्षानुवर्षे येथे राबणाऱ्यांना दंड भरून नागरिक होता यावे. परदेशी पोलादावर कर असावा, परंतु तो खाणमालकाच्या खिशात न जाता खाणकामगाराच्या हाती पडावा. आणि शेवटचे मत: युद्ध चालू ठेवायचे असेल तर लष्करात सक्तीची भरती पुन्हा सुरू करावी, आणि तीत कोणालाही सूट असू नये.

या शेवटच्या मताशी मी कधीही सहमत नव्हतो. त्यावरून आमच्या जेवणाच्या टेबलावर अनेकदा जेवण निवले. परंतु मत माझे नाही, तिचे आहे.

एक गोष्ट जशी घडली तशी नोंदवतो. आज न्याहारीच्या वेळी मी निवृत्तिनिधीचा मुद्दा मोठ्याने म्हणून पाहत होतो. वाक्य जरा लांबले. तेव्हा चुलीच्या बाजूने उत्तर आले, "आर्वो, तू बोलतोस तेव्हा बाटलीवरची चिठ्ठी वाचल्यासारखं वाटतं. जेवणानंतर दोनदा. जरा माणसासारखं बोल."

सिल्वीने तीस वर्षे रस्ते खात्यात बर्फ काढणाऱ्या गाड्या हाकल्या. म्हणजे स्वतः चालवल्या नाहीत, कचेरीत बसून बिनतारी यंत्रावरून हाकल्या. तिचा आवाज कानावर पडला की धटिंगण ड्रायव्हर पाठ ताठ करून बसत. आजचा आवाज तोच होता. तो माझ्या आठवणीतून आला असणार, हे मला कळते. तथापि शब्द माझे नव्हते.

मी वाक्य लहान केले.

२८ सप्टेंबर, गुरुवार

पहिली सभा चर्चच्या तळघरात झाली. माझ्या खुर्चीपुढे तिच्या नावाची पाटी होती आणि पाण्याचा पेला. शेजारी खासदार ब्रॅशर. त्यांनी उठून माझा हात हातात घेतला आणि "वाईट झालं, पेल्टोला," एवढेच म्हणाले. ते बरेच ताठ गृहस्थ आहेत. मला ते सोयीचे वाटले.

औषधे, निवृत्ती, सीमा, पोलाद हे सर्व मी सांगितले. दर वेळी "सिल्वी पेल्टोला यांची भूमिका अशी आहे," असे म्हणून सुरुवात केली. पहिल्यांदा ते वाक्य उच्चारले तेव्हा सभागृहात कोणीतरी हुंदका दिला. सक्तीच्या भरतीपर्यंत मी पोहोचलो तेव्हा मंडळाच्या अध्यक्षा हॉस्किंगबाईंनी वेळ संपल्याची घंटा वाजवली.

नंतर माणसांची रांग लागली. चाळीस वर्षे मी या लोकांना काउंटरपलीकडून औषधे दिली. कोणाचे कोणते दुखणे आहे ते मला ठाऊक आहे आणि म्हणूनच ते माझ्याशी हवापाण्याखेरीज काही बोलत नसत. आज त्यांनी मला मिठ्या मारल्या. बेकरीवाल्या रूथने वेलदोड्याचा पाव माझ्या हातात कोंबला आणि म्हणाली, "ती माझ्या स्वयंपाकघरात बसली होती हो, मिस्टर पेल्टोला. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, शिकारीच्या बंदुकांना कोणी हात लावणार नाही, रूथ."

सिल्वीने बंदुकांच्या नोंदणीला जाहीर पाठिंबा दिला होता. मी तसे सांगितले.

"असेल," रूथ म्हणाली आणि माझा हात थोपटला. "तुम्ही दमलायत."

सिल्वी कोणाच्या हातावर हात ठेवत नसे. माझ्यासुद्धा.

३ ऑक्टोबर, मंगळवार

डेनिसने नवी पत्रके छापून आणली. वर तिचे छायाचित्र, खाली तिची भूमिका. सक्तीची भरती नाही.

"जागा कमी पडली," तो म्हणाला.

"तळाशी तुमच्या पक्षाचं चिन्ह तळहाताएवढं छापलंय."

"हे बघ, आर्वो. लोक तिच्यावर प्रेम करायला लागलेत. जिवंत होती तेव्हा आपण मागे होतो, आता पुढे चाललोय. गावागावातल्या आया तिच्यासाठी मेणबत्त्या लावतायत. त्यांना कशाला सांगायचं की ही बाई तुमची पोरं उचलून न्यायला निघाली होती?"

"कारण ती निघाली होती."

"ती भांडायला जिवंत असती तर गोष्ट वेगळी. आता ती कुणाशी भांडणार आहे?" मग तो हसला. "सभांत नेमाने बोलत राहशील तर पुढच्या वेळी मोठ्या कागदावर छापतो, बस?"

मी मोठ्या कागदाची अट मान्य केली. हे लिहिताना ती अट फारशी बरी दिसत नाही.

१० ऑक्टोबर, मंगळवार

गेले काही दिवस मी डेनिसच्या गाडीतून दारोदार फिरत आहे. तलावाकाठच्या वस्त्या, खाणीजवळची घरे, उत्तरेकडचे दूधवाले शेतकरी. एकमेकांना न ओळखणारी माणसे.

खाणकामगार व्हिक म्हणाला, "तुमची बाई माझ्याच बाजूची होती. म्हणाली, परदेशी पोलादाचा एक तुकडा आत येऊ देणार नाही." शेजारच्या खोऱ्यातली एक विधवा दूधवाली म्हणाली, "पोलादावर कर नकोच, असं ती मला म्हणाली. ट्रॅक्टर महाग होतो ना." दोघेही शपथेवर सांगायला तयार होते. एका म्हाताऱ्या जोडप्याला ती सीमेवर भिंत घालणार असल्याची खात्री होती. त्यांच्या समोरच्या घरी ग्वाटेमालाहून आलेली मुलगी राहते. तिला सिल्वीने घरच्यांचे नागरिकत्वाचे कागद करून देण्याचे वचन दिले होते.

मी प्रत्येकाला दुरुस्त केले. प्रत्येकाने मला कॉफी दिली.

ही माणसे खोटे बोलत नव्हती. खोटे बोलणारा माणूस मी ओळखतो. तो डॉक्टरांची चिठ्ठी हरवली म्हणून गोळ्या मागायला येतो आणि काउंटरकडे पाहत बोलतो. हे सर्व माझ्याकडे पाहत होते. आणि सर्वांच्या सांगण्यात तेच होते: ती आत आली, बसली, कॉफीत भरपूर साय घातली, आणि हातावर हात ठेवला.

सिल्वी काळी कॉफी पीत असे.

११ ऑक्टोबर, बुधवार

आज शीतकपाटात सायीची बाटली होती. ती मी आणली असणार, कारण दुसरे कोणी बाजारात जात नाही. पावतीही माझ्याच खिशात सापडली. आणल्याचे आठवत नाही.

१४ ऑक्टोबर, शनिवार

सिल्वीची धाकटी बहीण हेल्मी दर शनिवारी सॉनासाठी, म्हणजे वाफेच्या स्नानासाठी, येते. ती अजूनही येते. लाकडे मी फोडतो, ती तापवते. आज भिजल्या केसांनी ती स्वयंपाकघरात आली आणि टेबलाकडे पाहत उभी राहिली.

"तू दोन ताटं का मांडतोस रे?"

"मी तिच्याशी मुद्द्यांची उजळणी करतो."

"बरं," ती म्हणाली. मग खुर्ची ओढून बसली. "आणि काय म्हणते माझी बहीण?"

मी सांगावे की नाही याचा विचार केला. शेवटी सांगितले. पूर्वी उत्तर चुलीच्या बाजूने येत असे. गेले काही दिवस ते खिडकीकडून येते. मी सक्तीच्या भरतीविषयी विचारले तेव्हा उत्तर आले, "ते कशाला आता, राजा?"

हेल्मी मोठ्याने हसली. "राजा? सिल्वी? तुला? आर्वो, लग्नाच्या दिवशी तिने तुला 'लवकर चल, बर्फ पडतोय' म्हटलं होतं. तेवढाच तुमचा शृंगार." मग तिचे हसणे थांबले. "हे बघ, तू माझ्याकडे राहायला चल. थोडे दिवस."

मी नकार दिला आणि तिला एकच प्रश्न विचारला: भरतीबद्दल सिल्वी नेमके काय म्हणत असे?

"तुला माहीत नाही?"

"मला दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं आहे."

हेल्मीने टॉवेल मांडीवर घेतला. "आमचा भाऊ ओन्नी खाण बंद पडली म्हणून सैन्यात गेला. दुसरी नोकरीच नव्हती. बंद पेटीत परत आला. त्याच वर्षी खाणीच्या मॅनेजरचा मुलगा कॉलेजात वल्हवण्याच्या शर्यतीत पहिला आला. पेपरात फोटो होता. सिल्वीने तो फोटो बघितला आणि म्हणाली, युद्ध करायचं तर सगळ्या घरांतून न्या, मग बघू वॉशिंग्टनमध्ये युद्धासाठी किती जण हात वर करतात. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. मरेपर्यंत तेच म्हणत होती. तिच्याकडे दुसरी मतं होती, पण ते मत नव्हतं. तो तिचा कणा होता."

मला फार बरे वाटले. हेल्मी असेपर्यंत आम्ही दोघे आहोत. यापुढे खिडकीकडून येणाऱ्या आवाजाला उत्तर द्यायचे नाही, असे मी ठरवले आहे.

२१ ऑक्टोबर, शनिवार

काल तलावापलीकडच्या गावात सभा झाली. मी दारात पाऊल ठेवताच लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. मी एकेक मुद्दा सांगत गेलो आणि प्रत्येकाला माना डोलत होत्या. मध्येच मी थांबलो, कारण मला वाटले, मागून कोणीतरी पुढचा शब्द सांगत आहे. डेनिस नंतर म्हणाला, "ते थांबणं! सगळं सभागृह रडत होतं. ते ठेव." भरतीचा प्रश्न कोणी विचारला नाही. मीही काढला नाही. एका वृद्ध स्त्रीने माझ्या गालाचे चुंबन घेतले. हे मला आवडले नाही असे लिहिले तर ते खोटे ठरेल.

आज सकाळी मी एक प्रयोग केला. कॉफी मुद्दाम करपवली. मग मोठ्याने म्हणालो, निवृत्तीचे वय सत्तरवर न्यावे आणि सगळा निधी शेअरबाजारात घालावा. हे ऐकून सिल्वीने मला बर्फात हाकलून दिले असते. मी चुलीकडे पाहत वाट पाहिली.

"तू म्हणशील तसं," खिडकीकडून उत्तर आले. अत्यंत प्रेमळ आवाजात. "छान झालीये कॉफी."

मी कपाटाला टेकून उभा राहिलो. बाहेर या वर्षीचा पहिला बर्फ भुरभुरत होता आणि रस्ते खात्याची गाडी उतारावरून खाली येत होती. ड्रायव्हरने हात केला. मी काही केले नाही.

घरात जी आहे तिला मी ओळखत नाही. ती दिवसेंदिवस गोड होत आहे. लोक जी सांगतात तीच ही आहे.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

हेल्मी आज एक दिवस आधीच आली, कारण उद्या तिला मेणबत्त्यांच्या मिरवणुकीत चालायचे आहे. तिच्या कोटावर सिल्वीचा चेहरा असलेला बिल्ला होता.

मी पेस्टी, म्हणजे मांसबटाट्याच्या करंज्या, गरम केल्या. तिने एक उचलली आणि सहज म्हणाली, "आर्वो, ते भरतीचं आता सोडून दे हां. शेवटी शेवटी तिनेही सोडलं होतं."

"केव्हा?"

"उन्हाळ्यात. माझ्या व्हरांड्यात बसलो होतो आम्ही. म्हणाली, हेल्मी, जाऊ दे, आयांना कशाला रडवायचं." तिने माझ्या हातावर हात ठेवला. "अशी म्हणाली."

"दोन आठवड्यांपूर्वी तू मला वेगळं सांगितलंस. कणा म्हणालीस."

ती माझ्याकडे पाहत राहिली. तिचे डोळे अगदी स्वच्छ होते. "मी? मी असं कशाला म्हणेन? अरे, मी म्हणाले की ओन्नीमुळे ती आधी तसं म्हणायची. तू नीट झोपत नाहीस, आर्वो. ती काळजी करते तुझी."

"कोण काळजी करते?"

हेल्मीने पेस्टीचा घास घेतला आणि खिडकीकडे पाहून हसली.

४ नोव्हेंबर, शनिवार

आज दुपारी शाळेच्या व्यायामशाळेत शेवटची सभा झाली. जे घडले ते क्रमाने लिहितो.

भिंतींवर सगळीकडे सिल्वीचे चेहरे होते. ते छायाचित्र मी काढले होते. त्यात तिने कपाळाला आठ्या घातल्या होत्या, कारण मी फार वेळ लावत होतो. छपाईत आठ्या राहिल्या नाहीत. कोणी काढल्या, ते डेनिसलाही ठाऊक नव्हते.

मी पहिल्याच संधीला उभा राहिलो. घंटेची वाट पाहिली नाही. म्हणालो, "सिल्वी पेल्टोला यांची भूमिका अशी आहे. युद्ध चालू ठेवायचे असेल तर सक्तीची भरती व्हावी. प्रत्येक घरातून. तुमच्या घरातून. सूट कोणालाही नाही. मी स्वतः याच्याशी सहमत नाही. पण ती सहमत होती, आणि हे मान्य नसेल तर तिला मत देऊ नका."

कोणी ओरडले असते तर बरे झाले असते. सगळे माझ्याकडे मायेने पाहत होते. रुग्णाच्या खोलीत पाहतात तसे.

"मिस्टर पेल्टोला," हॉस्किंगबाई हळूच म्हणाल्या, "मंडळाचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. उमेदवाराने स्वतः मांडलेलीच भूमिका. सिल्वीच्या पत्रकात हे नाही. तिच्या तोंडून हे ऐकलेलं इथे कुणी आहे का?"

एकही हात वर झाला नाही. मी हेल्मीला शोधले. ती पुढच्या रांगेत होती. ती डोके किंचित हलवून मला बसण्याची खूण करत होती, मूल नाटकात वाक्य चुकले की आई करते तशी.

"मी ऐकलंय."

हे शेजारच्या खुर्चीतून आले. खासदार ब्रॅशर उभे राहिले होते.

"चार जुलैच्या संचलनात," ते म्हणाले, "माझ्या गाडीपुढे येऊन उभी राहिली. म्हणाली, 'तुझे दोन्ही मुलगे घरी आहेत, लॉयड. म्हणून तुझा हात इतक्या सहज वर जातो.' सगळ्या रस्त्यासमोर. मला त्या रात्री झोप लागली नाही. मला ती बाई मुळीच आवडत नव्हती. पण हे ती म्हणाली होती."

तो आवाज ब्रॅशर यांचा होता, परंतु वाक्य सिल्वीचे होते. माझी पाठ आपोआप ताठ झाली.

मग आरडाओरडा झाला. माझ्यावर नव्हे. "मेलेल्या बाईवर घाण उडवतोस?" "लाज वाटते का?" व्हिक खुर्ची ढकलून पुढे आला. "तिच्या नवऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही म्हणून त्याच्या आडून बाण मारतोस होय रे?" हॉस्किंगबाईंनी घंटा वाजवून ब्रॅशर यांना ताकीद दिली आणि माझे वाक्य कामकाजातून काढून टाकले. डेनिस माझ्या कानाशी म्हणाला, "असं काही ठरवून केलं असतं तरी एवढं जमलं नसतं. संपला तो."

घरी आलो. चूल थंड होती. खिडकीकडून आवाज आला, "दमलास ना?" मी उत्तर दिले नाही.

७ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी नगरकचेरीत जाऊन मतदान केले. रांगेतल्या सर्वांनी मला पुढे सोडले. हॉस्किंगबाईंच्या बहिणीने मतपत्रिका देताना माझी बोटे दाबली.

पडद्यामागे मी बराच वेळ उभा होतो. तिचे नाव स्वच्छ, ठळक छापलेले होते. सिल्वी पेल्टोला. त्या नावापुढचा गोल काळा करायला मी पेन्सिल टेकवलीही. मग मनाशी म्हणालो, ही कोण आहे? ती येऊन माझ्या टेबलाशी बसते, साय घालून कॉफी पिते, तिला काहीच मत नाही. आणि या सबंध मतदारसंघात माझ्या बायकोला प्रत्यक्ष भेटलेला एकच माणूस उरला आहे.

मी लॉयड ब्रॅशर यांना मत दिले. कोणत्याही राष्ट्रीय प्रश्नावर त्यांचे माझे पटत नाही, हे येथे नोंदवून ठेवतो.

८ नोव्हेंबर, बुधवार

सिल्वी जिंकली. फार मोठ्या फरकाने. गावातल्या तिन्ही चर्चच्या घंटा वाजत आहेत. डेनिसने दारात मला उचलून घेतले. वसंतातल्या निवडणुकीला मी उभे राहावे असे त्याचे म्हणणे आहे. "तुला काही करायचं नाही. तिची भूमिका, तिचा आवाज, तुझा चेहरा. शुक्रवारपर्यंत सांग."

"हो म्हण ना, राजा," खिडकीकडून.

डेनिसने तिकडे मान वळवली. कदाचित घंटेच्या आवाजामुळे.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी ब्रॅशर यांच्या घरी गेलो. ते खोक्यांमध्ये पुस्तके भरत होते. त्यांच्या पत्नीने मला दारातून परत पाठवले असते, पण ते आतून म्हणाले, "येऊ दे गं त्याला."

आम्ही स्वयंपाकघरात बसलो. मी येण्याचे कारण स्पष्ट सांगितले. म्हणालो, "चार जुलैला ती काय म्हणाली, ते मला पुन्हा एकदा सांगा. तिच्याच शब्दांत. मी मध्ये बोलणार नाही."

त्यांना आश्चर्य वाटले नाही. त्यांनी हात पुसले, खुर्ची माझ्यासमोर ओढली.

"ती गाडीपुढे आली," ते म्हणाले. "ऊन होतं. म्हणाली, 'तुझे मुलगे घरी आहेत, लॉयड.'"

"दोन्ही मुलगे," मी म्हणालो. मध्ये बोलायचे नाही हे विसरून.

"दोन्ही मुलगे." ते खिडकीबाहेर पाहू लागले. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताठपणा हळूहळू उतरत गेला, आणि तो उतरताना मी पाहत होतो. "खरं सांगू का, पेल्टोला? त्या दिवशी सभेत मी चिडून बोललो. हरतोय हे दिसत होतं. आता शांतपणे आठवलं तर... ती रागावलेली नव्हती. हसत होती ती. 'तुझे मुलगे घरी आहेत, लॉयड, बरं आहे, घरीच राहू देत,' असं म्हणाली. हो. असंच. आशीर्वाद दिल्यासारखं."

"तुम्हाला झोप लागली नव्हती."

"उकाडा होता," ते म्हणाले. त्यांचे डोळे अगदी स्वच्छ होते. "भली बाई होती हो. मीसुद्धा तिलाच मत दिलं."

त्यांच्या पत्नीने कॉफी पुढे ठेवली. मी ती प्यालो आणि आभार मानून निघालो.

परतीच्या रस्त्यावर मी सर्व पुन्हा आठवून पाहिले. संचलनाच्या दिवशी मी फुटपाथवर तिच्यापासून बराच दूर उभा होतो. छत्री माझ्याकडे होती. तिची पाठ माझ्याकडे होती. तिचा चेहरा मला दिसला नाही. तिचे खांदे हलले होते, एवढे नक्की. रागाने हलले असे मी आजवर धरून चाललो होतो. पण निःपक्षपातीपणे विचार करता ती हसतही असेल. पाठीवरून ते सांगता येत नाही.

घरात शिरलो तेव्हा स्वयंपाकघर उबदार होते. चूल मी पेटवून गेलो असणार. टेबलावर दोन कप होते.

"आलास? काय म्हणाले ते?"

मी कोट खुंटीला अडकवला, टोपी काढली, आणि माझ्या जागेवर बसलो.

"तू हसत होतीस म्हणाले," मी उत्तर दिले.

"हसतच होते, राजा."

मग आम्ही डेनिसला फोन केला.